ऑफिसात धर्म आला की कायदा नक्की काय बघतो?

हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते नोकरी म्हणजे नोकरी, धर्मबिर्म घरी ठेवून या, आणि दुसरी म्हणते माझा धर्म माझा हक्क आहे, कंपनी कोण लागून गेली. दोघंही तावातावाने बोलतात आणि कायदा दोघांनीही वाचलेला नसतो. मी लेबर लॉचं काम करते, एचआरवाल्यांशी रोजचा संबंध, त्यामुळे हे प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतातच. शुक्रवारच्या नमाजला तासभर सोडायचं का, वारीला आठ दिवस मागणाऱ्याला नाही म्हटलं तर तो कोर्टात जाईल का, चातुर्मासात रात्री जेवत नाही म्हणून शिफ्ट बदलून मागितली तर द्यायलाच लागते का वगैरे. म्हणून म्हटलं एकदा सगळं सरळ लिहूनच काढावं.

सुरुवात कॅनडापासून करते, कारण हा प्रश्न त्यातल्या त्यात नीट तिथे हाताळला गेलाय असं माझं मत आहे, आणि टोरांटोच्या आसपास आपली मराठी मंडळी काही कमी नाहीत, त्यांनाही उपयोग होईल.

ओंटारियोतल्या किंग्स्टनमध्ये सिम्पसन्स-सिअर्स नावाचं मोठं दुकान होतं, तिथे ओमॅली नावाच्या बाई सेल्सला होत्या. १९७८ मध्ये त्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट झाल्या. हा ख्रिश्चनांतलाच एक पंथ, पण यांचा विश्रांतीचा वार रविवार नसतो, शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी सूर्य मावळेपर्यंत काम बंद. आता दुकानाला गर्दी कधी, तर नेमकी शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी. फुलटाइम माणसाने पाळीपाळीने या वेळा करायच्याच असा नियम, आणि तो सगळ्यांना सारखा. बाई म्हणाल्या मला जमणार नाही, दुकान म्हणालं मग पार्टटाइम करा, म्हणजे पैसे कमी आणि फुलटाइमच्या सोयी गेल्या. बाईंनी ओंटारियोच्या मानवी हक्काच्या कायद्याखाली तक्रार केली आणि खाली सगळीकडे हरल्या. कारण दुकानाचं म्हणणं बिनतोड वाटत होतं ना, आम्ही कुणाच्या धर्माबद्दल ब्र काढला नाही, नियम सगळ्यांना एकच, मग भेदभाव झाला कुठे?

सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर १९८५ ला याचं उत्तर दिलं आणि तिथून सगळा खेळ बदलला. कोर्ट म्हणालं, भेदभाव व्हायला मालकाच्या मनात खोट असायची गरज नाही. नियम सगळ्यांना सारखा असेल पण त्याचा फटका धर्मामुळे एकालाच बसत असेल तर तोही भेदभावच. आणि असा फटका बसतोय हे दिसलं की मालकाने गप्प बसायचं नाही, काहीतरी ॲडजस्ट करून बघायचं, पाळी बदलून, दुसऱ्या विभागात टाकून, कसंही, अगदी स्वतःवर अवाजवी बोजा पडायला लागेपर्यंत. आणि बोजा पडतोय हे सिद्ध कोणी करायचं तर मालकानेच. बाईंचा पंथ खरा की खोटा, शनिवार पाळणं शहाणपणाचं की खुळेपणाचं, यात कोर्ट शिरलंच नाही. श्रद्धा मनापासूनची आहे ना, एवढं पुरे. पुढचा सगळा वाद एकाच गोष्टीचा, की ही सोय करायला किती त्रास पडतो आणि तो कोणी सोसायचा.

हे एवढंच असतं तर गोड शेवट झाला असता, पण त्याच दिवशी त्याच कोर्टाने दुसरा निकाल दिला तो बघा. भिंडर नावाचे शीख गृहस्थ टोरांटोत सीएन रेल्वेच्या यार्डात इलेक्ट्रिशियन होते. रेल्वेने नियम आणला की इथे हेल्मेट घालायचंच. पगडीवर हेल्मेट बसत नाही आणि पगडी काढणार नाही. नोकरी गेली. आता गंमत अशी की खालच्या ट्रिब्युनलने तपासलं होतं तेव्हा निघालं होतं की हेल्मेट नसल्याने जो काही जास्तीचा धोका आहे तो बहुतेक त्यांचा स्वतःचाच आहे आणि तोही किरकोळ. तरी ते हरले. का, तर त्यांच्यावर लागू होणाऱ्या केंद्राच्या कायद्यात लिहिलं होतं की कामाची खरोखरीची गरज म्हणून एखादी अट असेल तर तो भेदभाव नाही, आणि कोर्टाने त्याचा अर्थ असा काढला की अट एकदा खरी ठरली की मग ॲडजस्ट करायचा प्रश्नच उरत नाही. एकाच दिवशी शनिवारवाल्या बाई जिंकल्या आणि पगडीवाले गृहस्थ हरले, आणि कारण काय तर दोन कायद्यांतल्या शब्दांचा फरक. मला विचाराल तर हा निकाल तेव्हाही पटण्यासारखा नव्हता, आणि पाच वर्षांत कोर्टालाही तो पटेनासा झाला.

१९९० ची केस दुधाची आहे, म्हणून आपल्याला पटकन कळेल. अल्बर्टात दूध प्रक्रियेचा कारखाना होता. सोमवार म्हणजे तिथे मरणाची घाई, कारण शनिवार-रविवारचं दूध साठलेलं, ते वेळेत हाताळलं नाही तर नासणार. एका कामगाराने त्याच्या चर्चच्या सणासाठी एकाच सोमवारची बिनपगारी रजा मागितली. नाही म्हणाले. तो आलाच नाही, त्याला काढलं. कोर्टाने कंपनीला साधा प्रश्न केला, सोमवारी एखादा कामगार आजारी पडला तर कारखाना बंद ठेवता का? नाही ना, निभावून नेता, मग याच्या एका सोमवारचं काय नडलं? हा प्रश्न मी आजही आमच्याकडच्या एचआरवाल्यांना जशाच्या तसा विचारते, निम्म्या वेळा समोरचा गप्प होतो. याच निकालात कोर्टाने अवाजवी बोजा म्हणजे काय त्याची यादी दिली, खर्च किती, कंपनी केवढी, माणसं एकमेकांच्या जागी चालतात का, युनियनशी झालेला करार मोडतो का, सुरक्षेला धोका कोणाला आणि किती. आणि भिंडर निकालातला तो ॲडजस्ट करायचा प्रश्नच नाही म्हणणारा भाग चुकला होता हेही मान्य केलं. ओंटारियोचा कायदा तर आता आणखी कडक आहे, तिथे बोजा मोजताना खर्च, बाहेरून मिळू शकणारी मदत आणि आरोग्य-सुरक्षा एवढंच बघतात. बाकीचे कामगार कुरकुर करतील हे कारण चालत नाही.

दोन वर्षांनी ब्रिटिश कोलंबियातल्या शाळेच्या एका सफाई कामगाराची केस आली, तोही ॲडव्हेंटिस्ट, शुक्रवार संध्याकाळची शिफ्ट नको होती. शाळा बोर्ड तयार होतं, युनियनच आडवी आली की करारात अशी शिफ्ट नाही. कोर्टाने युनियनलाही धरलं, जबाबदारी तुमचीही आहे म्हणून. पण कामगारालाही सांगितलं की मालकाने वाजवी तोडगा पुढे केला तर तो घ्यायचा, मला हवं तसंच्या तसं पाहिजे म्हणून अडून बसायचं नाही. हा भाग लोक सोयीने विसरतात.

कॅनडाचं एवढं कौतुक केल्यावर क्युबेकचं सांगायलाच हवं. २०१९ मध्ये तिथे कायदा झाला की सरकारी शाळेतले शिक्षक, पोलीस, सरकारी वकील वगैरेंनी ड्युटीवर हिजाब, पगडी, क्रॉस, किप्पा (ज्यूंची टोपी) असं काही घालायचं नाही. आणि हे हक्कांच्या कसोटीवर टिकणार नाही हे सरकारला माहीत असावं, कारण घटनेत एक खास कलम आहे, ते वापरलं की काही हक्क बाजूला ठेवून कायदा करता येतो, ते सुरुवातीलाच वापरून टाकलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय. म्हणजे एकाच देशात एकीकडे धर्मासाठी सोय करायचं बंधन आणि दुसरीकडे शाळेच्या वर्गातल्या पगडीला बंदी.

आता अमेरिका. तिथे १९६४ चा सिव्हिल राइट्स ॲक्ट, पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला लागू. १९७२ मध्ये त्यात घातलं की धर्मासाठी वाजवी सोय करायची, अवाजवी त्रास होत नसेल तर. वाचायला कॅनडासारखंच आहे, पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने टीडब्ल्यूए विमान कंपनीच्या एका केसमध्ये लिहून टाकलं की किरकोळच्या वर जरा जरी खर्च आला तरी तो अवाजवी. झालं. पुढची सेहेचाळीस वर्षं कंपन्यांचे वकील हे एकच वाक्य घेऊन जिंकत राहिले. ओव्हरटाइमचे चार पैसे जास्त पडतात, संपला विषय.

हे बदललं २०२३ मध्ये, आणि ते बदलायला कारणीभूत कोण तर एका अर्थी ॲमेझॉन. पेनसिल्व्हेनियात ग्रॉफ नावाचा पोस्टमन होता, श्रद्धाळू ख्रिश्चन, रविवारी काम करणार नाही. अमेरिकेत रविवारी टपाल नसतंच त्यामुळे अडचण नव्हती, पण पोस्टाने ॲमेझॉनची पार्सलं रविवारी पोचवायचं कंत्राट घेतलं आणि रविवारही कामाचा झाला. आधी दुसऱ्यांनी त्याची पाळी उचलली, मग कुरबुरी, मग मेमो, शेवटी त्याने २०१९ मध्ये राजीनामा दिला आणि केस केली. सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की किरकोळ खर्च हा निकष चुकीचा समजला गेला, त्या विशिष्ट धंद्याच्या मानाने खर्च भरीव वाढतोय हे मालकाने दाखवायला हवं. सहकाऱ्यांना त्या धर्माचा किंवा धर्माला सोय द्यायचाच राग येतो, हे कारण तर मोजायचंच नाही. ग्रॉफला लगेच काही मिळालं नाही बरं का, नवीन निकषाने परत बघा म्हणून केस खाली पाठवली.

आणखी एक अमेरिकन केस सांगते कारण ती इंटरव्ह्यूची आहे. २००८ मध्ये ओक्लाहोमात सतरा वर्षांची मुलगी ॲबरक्रॉम्बीच्या कपड्यांच्या दुकानात नोकरी मागायला गेली, डोक्याला स्कार्फ. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईने तिला चांगले मार्क दिले, वरच्या साहेबाने सांगितलं स्कार्फ आपल्या लुक पॉलिसीत बसत नाही, घेऊ नको. कोर्टात कंपनीचा बचाव काय, तर तिने कुठे सांगितलं की हे धर्मासाठी घालते, आम्हाला काय स्वप्न पडणार? २०१५ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल लागला कंपनीच्या विरोधात. तिने मागितलं की नाही हा मुद्दा नाही, सोय द्यायला लागेल म्हणून तुम्ही तिला टाळलंत का, हा आहे.

युरोपचं थोडक्यात आटपते. २०१३ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात ब्रिटनच्या चार ख्रिश्चन नोकरदारांचा एकत्र निकाल लागला. ब्रिटिश एअरवेजच्या काउंटरवरची बाई गळ्यातल्या छोट्या क्रॉससाठी जिंकली, कारण कंपनीची बाजू काय तर फक्त ब्रँडची इमेज. नर्स मात्र तशाच क्रॉससाठी हरली, कारण वॉर्डात पेशंटने साखळी ओढली तर इजा होईल हे हॉस्पिटलचं कारण कोर्टाला पटलं. उरलेल्या दोघांनी समलिंगी जोडप्यांचं काम करायला धर्माचं कारण देऊन नकार दिला होता, तेही हरले. थोडक्यात, तुमच्या श्रद्धेने तुमची सोय व्हावी इथपर्यंत ठीक, तिने समोरच्या गिऱ्हाइकाचा हक्क कापला जात असेल तर कोर्ट हात आखडतं.

आता घरी येऊ, कारण खरी गोची इथे आहे.

आपल्या घटनेचं कलम १६ म्हणतं की सरकारी नोकरीत केवळ धर्मामुळे कुणालाही अपात्र ठरवायचं नाही. अपवाद एकच आणि समजण्यासारखा, एखाद्या धार्मिक संस्थेच्या कारभारातलं पद असेल तर ते त्या धर्माच्या माणसासाठी ठेवणारा कायदा चालतो. कलम २५ धर्म पाळायचं स्वातंत्र्य देतं, शिखांचं कृपाण तर नाव घेऊन लिहिलंय. सगळं छान, पण हे कलम १६ नीट वाचा, सरकारी नोकरी. खासगी कंपनीने धर्म बघून नोकरी नाकारली तर तिला थेट पकडणारा देशपातळीवरचा एकही साधा कायदा आपल्याकडे नाही. हे मी सांगते तेव्हा लोकांना खरं वाटत नाही. स्त्री-पुरुष भेदभावावर कायदा आहे, अपंगांसाठी आहे, एचआयव्ही असलेल्यांसाठी आहे, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी आहे, धर्मासाठी नाही. २०१९ च्या वेतन संहितेतही बंदी आहे ती लिंगावरून भेदभावाला.

२०१५ मध्ये मुंबईत एका तरुणाने एका हिरे निर्यात कंपनीत अर्ज केला, तर ईमेलने उत्तर आलं की आम्ही फक्त बिगर-मुस्लिम उमेदवार घेतो. इतकं उघड, लेखी. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो कुठल्या कलमाखाली, तर भारतीय दंड विधानाच्या १५३-ब खाली, म्हणजे राष्ट्रीय एकात्मतेला बाधा आणणारं वक्तव्य. नोकरीतल्या भेदभावाचं कलमच नव्हतं तर पोलीस तरी काय करणार. आणि त्या कंपनीने ईमेल न पाठवता नुसतं उत्तरच दिलं नसतं तर तेवढंही झालं नसतं. शशी थरूर यांनी लोकसभेत सर्व प्रकारच्या भेदभावाविरुद्ध खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढे गेलं नाही. त्याआधी २००६ मध्ये मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली, तीही कागदावर.

आणि नोकरी लागल्यावर? ते ॲडजस्ट करायचं बंधन, जे ओमॅलीबाईंनी मिळवून दिलं, ते आपल्याकडे धर्मासाठी नाही. वाजवी सोय हा शब्दप्रयोग आपल्या कायद्यात आहे, २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात, अवाजवी बोजाच्या मर्यादेसकट. म्हणजे कल्पना माहीत आहे, फक्त धर्माला लावलेली नाही. तेव्हा वारीची रजा, नमाजचा तास, चातुर्मासातली शिफ्ट, हे सगळं चालतं ते साहेबाच्या मर्जीवर. साहेब चांगला तर काही प्रश्न नाही, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सांभाळूनही घेतात, पण मर्जी फिरली तर बोट दाखवायला कलम नाही, आणि मर्जी सगळ्यांच्या सणाला सारखी चालत नाही हे ऑफिसात बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. गणपतीत अर्धं ऑफिस रिकामं असतं तेव्हा कुणी अवाजवी बोजाचं नाव काढत नाही.

वर्दीचं गणित आणखी वेगळं. सैन्य आणि पोलीस दलांसाठी हक्कांवर मर्यादा घालायची मुभा कलम ३३ संसदेला देतं. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर हवाई दलातल्या मुस्लिम जवानांच्या दाढीची केस होती. नियम असा की ज्या धर्मात केस कापायला किंवा दाढी करायला मनाईच आहे त्यांनाच सूट, म्हणजे व्यवहारात शिखांना. कोर्टाने नियम उचलून धरला, दलाची शिस्त आणि एकसारखेपणा म्हणून. महाराष्ट्रातही राज्य राखीव पोलीस दलातल्या एका जवानाची अशीच केस झाली, २०१२ ला मुंबई हायकोर्टात हरला, २०१७ ला सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली, तिथे सहानुभूतीने सुचवण्यात आलं की ठरावीक धार्मिक काळात दाढी ठेवा आणि परत रुजू व्हा, त्याला तात्पुरती दाढी मान्य नव्हती. यात कोण बरोबर यावर तुम्ही भांडू शकता. मला एवढंच खटकतं की आपली कोर्टं आधी विचारतात की ही गोष्ट त्या धर्मात सक्तीची आहे का, म्हणजे न्यायाधीशांनी धर्मशास्त्र वाचत बसायचं. कॅनडात विचारलं जातं या माणसाची श्रद्धा मनापासूनची आहे का, आणि मग लगेच सोयीचा हिशोब.

आपल्याकडे धर्म नोकरीत जिथे खरा निर्णायक ठरतो ती जागा वेगळीच आहे, जातीचा दाखला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा जवळजवळ हिंदूंपुरताच होता, शिखांतल्या मोजक्या जाती सोडल्या तर, १९५६ मध्ये बाकीचे शीख आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या नोकऱ्यांमधल्या सवलतीतून बाहेर पडले. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या कायद्यात बौद्ध हा शब्द यायला १९९० उजाडलं, चौतीस वर्षं. दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिम अजून बाहेरच आहेत, त्यावर न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली २०२२ मध्ये आयोग नेमला गेला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुदुच्चेरीतल्या एका उमेदवाराला सांगितलं की तुम्ही आचरणाने ख्रिश्चन आहात, फक्त नोकरीसाठी हिंदू म्हणवून घेणं ही घटनेशी फसवणूक आहे. कायद्याच्या आजच्या चौकटीत निकाल समजतो, पण धर्म बदलला की गावातली जात सुटते का, याचं उत्तर कुठल्याही निकालात नाही. जात तर समुद्रापलीकडेही गेली आहे, सिॲटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला नावानिशी बंदी घातली, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही विधेयक केलं पण गव्हर्नरने त्याला नकाराधिकार वापरला. ते वादळ स्वतंत्र लेखाचं आहे.

मग इथल्या नोकरदाराने करायचं काय? केंद्र सरकारात असाल तर दोन ऐच्छिक सुट्ट्या असतात, ज्याला आपण आरएच म्हणतो, यादीतून आपापला सण निवडायचा. खासगीत असाल आणि ऑफिसात वीस किंवा जास्त माणसं असतील (२०२५ पर्यंत ही मर्यादा दहाची होती) तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा बघा. त्यात वर्षाला आठ सणांच्या पगारी सुट्ट्या आहेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. मिळून हे कायद्यात आहे, पण प्रत्यक्षात काय होतं तर डिसेंबरात एचआर गेल्या वर्षीची यादी तारखा बदलून पाठवतं आणि कुणी काही बोलत नाही. तुम्हाला ईद, नाताळ, आंबेडकर जयंती, महावीर जयंती, जे हवं असेल ते त्या यादीत मागायचं असेल तर नोव्हेंबरातच ईमेल टाका, चार सह्या गोळा करून, आणि जमलं तर त्या बदल्यात कुठला दिवस भरून काढाल तेही लिहा. आयत्या वेळी तोंडी मागितलेल्या सुट्टीपेक्षा हे नाकारणं एचआरला जड जातं.